मंगळावरील वाऱ्याच्या खुणा

चैत्र सरून वैशाख लागला की छत्रपती संभाजीनगरच्या आसपासची शेते नांगरून मोकळी पडलेली असतात. पैठणच्या किंवा जालन्याच्या रस्त्याने भर दुपारी जाणाऱ्यास दूरच्या रानात धुळीचा एक खांब अचानक उभा राहिलेला दिसतो. तो गरगरत पुढे सरकतो, वाळका पालापाचोळा, पऱ्हाटीच्या काटक्या, एखादी कागदाची चिंधी वर ओढून घेतो आणि दोन-तीन बांध ओलांडताच विरून जातो. ही वावटळ. तिच्यात भूत असते, अशी समजूत एके काळी खेडोपाडी होती आणि लहान मुलांना तिच्या वाटेतून घाईने बाजूला ओढले जात असे. वावटळ पाहण्यासाठी आपल्याकडे कोणी मुद्दाम थांबत नाही. मंगळ ग्रहावर मात्र एक सहाचाकी यंत्र भर दुपारी जागच्या जागी थांबते, क्षितिजाकडे कॅमेरा वळविते आणि थोड्या थोड्या अवधीने एकाच दिशेची छायाचित्रे घेत राहते. कुठे वावटळ उठते आहे काय, हे पाहण्यासाठी.

या यंत्रांना रोव्हर म्हणतात. पृथ्वीवरून मिळालेल्या आज्ञांनुसार मंगळाच्या भूमीवर फिरणारी, दगडमाती तपासणारी ती एक प्रयोगशाळाच होय. खडकांचा अभ्यास करावयास गेलेल्या यंत्राने वावटळी मोजीत बसावे, हे वरकरणी विचित्र वाटेल. परंतु मंगळावर आज नद्या वाहत नाहीत, पाऊस पडत नाही. तेथील भूमीचे रूप प्रतिदिनी जो थोडाफार बदलतो तो मुख्यतः वारा. शिवाय तेथे गेलेल्या अनेक यंत्रांचे आयुष्य वाऱ्याने आणलेल्या धुळीने संपविले आहे, तर काहींचे वाऱ्यानेच वाढविले आहे. उद्या माणूस तेथे उतरावयाचा तर त्यालाही प्रथम याच धुळीशी गाठ घालावी लागेल.

काळ्या पाषाणाची वाळू

मराठवाड्यातील वाचकास मंगळाची भूमी वाटते तितकी परकी नाही. वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत त्यास भूशास्त्रात बेसाल्ट म्हणतात. ज्वालामुखीतून निघालेला लाव्हा थिजून तो तयार होतो आणि दख्खनचे पठार बव्हंशी त्याचेच बनलेले आहे. मंगळाच्या पृष्ठभागाचा फार मोठा भागही बेसाल्टचाच आहे. जालन्यामार्गे दीडएकशे किलोमीटरवर असलेले बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने याच पाषाणात पडले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. हे विवर आघातजन्य असल्याचे पुरावे भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडले, आणि मंगळावरील विवरे समजून घेण्यासाठी पृथ्वीवरचा नमुना म्हणून तेव्हापासून लोणारकडे पाहिले जाते. मंगळाच्या उत्तरेकडील मैदानातील एका विवरास लोणारचे नावही देण्यात आले आहे.

असा पाषाण झिजला की त्याची वाळू काळसर होते. मंगळावरील वाळूच्या टेकड्याही काळसरच आहेत. तो ग्रह तांबडा दिसतो तो वाळूमुळे नव्हे, तर सर्व वस्तूंवर पसरलेल्या लोहयुक्त धुळीच्या पातळ थरामुळे. वाळू आणि धूळ यांतील हा भेद पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो, उडाला तरी थोड्या अंतरावर पुन्हा खाली पडतो. धुळीचा कण मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढा असतो. एकदा हवेत चढला की तो आठवडेच्या आठवडे खाली येत नाही.

विरळ हवेचा वारा

मंगळावर हवा आहे, पण अत्यंत विरळ. तिच्यात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड असून पृष्ठभागावरील दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. हवेची घनता आपल्याकडील घनतेच्या साधारण साठाव्या हिश्शाइतकी. वाऱ्याचा रेटा घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने मंगळावर ताशी शंभर किलोमीटरचा वारा सुटला तरी अंगावर त्याचा धक्का पृथ्वीवरील ताशी तेरा किलोमीटरच्या झुळुकीएवढाच जाणवेल. चित्रपटांतून मंगळावरील वादळ यान उलथून टाकताना दाखवितात, ते केवळ चित्रपटापुरते खरे समजावे.

मग अशा दुबळ्या वाऱ्याने धूळ उडते कशी? अगदी बारीक धूळ जमिनीला चिकटून बसते. तिला सरळ उचलण्यास फार मोठा वेग लागतो. त्यामानाने वाळूचा मध्यम आकाराचा कण आधी हलतो. तो उडी घेतो, खाली आदळतो, आदळताना दुसऱ्या कणांना आणि धुळीला उडवितो. ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅग्नॉल्ड याने आफ्रिकेच्या वाळवंटांत हिंडून या उड्यांचे गणित मांडले आणि १९४१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. २०१५ च्या अखेरीस क्युरिऑसिटी हा रोव्हर मंगळावरील ज्या सरकत्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचला त्यांना बॅग्नॉल्डचेच नाव दिलेले आहे. पृथ्वीबाहेरील सरकत्या टेकड्या जवळून पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या टेकड्या वर्षाला फार तर मीटरभर पुढे जातात.

दुसरे साधन वावटळीचे. जमीन तापते, तिला लागून असलेली हवा हलकी होऊन वर धावते, बाजूची हवा ती जागा घेण्यासाठी आत शिरते आणि फिरू लागते. भोवऱ्याच्या मध्यभागी दाब कमी होतो व धूळ वर खेचली जाते. आपल्या रानात होते तेच मंगळावर होते. मात्र तेथे जमीन आणि माणसाच्या उंचीवरील हवा यांच्या तापमानात दुपारी वीसेक अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे तेथील वावटळी अवाढव्य वाढतात. मार्च २०१२ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी यानाने टिपलेली वावटळ सुमारे ७० मीटर रुंद आणि तब्बल २० किलोमीटर उंच होती. आपल्याकडे काहीशे मीटर उंचीची वावटळ मोठी समजली जाते.

दोन छायाचित्रांतील फरक

चिकलठाणा येथील हवामान विभागाच्या वेधशाळेसारख्या ठिकाणी वारा मोजण्यासाठी फिरत्या वाट्यांचे यंत्र असते, दिशा दाखविणारा वातकुक्कुट असतो आणि ठरावीक वेळी नोंद करणारा माणूस असतो. मंगळावर माणूस नाही आणि यंत्रेही टिकतातच असे नाही. क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ रोजी उतरला तेव्हाच त्याच्या दोन वातमापकांपैकी एक निकामी झाल्याचे आढळले. पर्सिव्हिअरन्स हा रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरला. स्पेनमध्ये तयार झालेल्या त्याच्या हवामान उपकरणातील वातमापकाच्या नाजूक तारांना वर्षभरातच वाऱ्याने उडालेल्या खड्यांचा मार बसला. वारा मोजणारे यंत्र वाऱ्यानेच मोडावे, हा योगायोग शास्त्रज्ञांना सुखाचा वाटला नसणार. यास्तव वारा मोजता आला नाही तर तो खुणांवरून ओळखावा लागतो, आणि या विद्येत मोठी चतुराई दिसून येते.

२००८ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ उतरलेल्या फिनिक्स यानावर डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी एक हलकी नळी धाग्याने टांगली होती, इतकेच. ती कोणत्या बाजूस आणि किती कलली याचे छायाचित्र घेतले की दिशा व वेग दोन्ही कळत. विमानतळावर फडफडणाऱ्या कापडी नळकांड्याचाच हा धाकटा भाऊ.

त्याहून साधी रीत म्हणजे त्याच जागेचे, त्याच कोनातून, शक्यतो त्याच वेळी पुन्हा छायाचित्र घेणे. वेळ तीच हवी, कारण सावल्या बदलल्या की डोळा फसतो. आज घेतलेल्या चित्रात वाळूवरची एक लहानशी लाट दगडाच्या अलीकडे आहे आणि दहा दिवसांनी ती दगडाला टेकली आहे, एवढ्यावरून मधल्या काळात वारा कोणीकडून वाहिला ते सांगता येते. दगडांच्या आडोशाला वाळूची निमुळती शेपटी साचते, तीही वाऱ्याची दिशा दाखविते. रोव्हरच्या पाठीवर काल पडलेले वाळूचे कण आज नाहीसे झाले, तर रात्री वारा सुटला होता असे समजावे. कित्येक दगडांचे एकच अंग घासून गुळगुळीत झालेले असते. ती खूण मात्र कालपरवाच्या नव्हे, तर हजारो वर्षांच्या वाऱ्याची. आताचा वारा आणि दगडावर कोरला गेलेला जुना वारा यांच्या दिशा जुळल्या नाहीत, तर हवामान केव्हातरी पालटले असावे असा तर्क करता येतो.

वावटळीच्या शोधात हीच रीत क्षितिजाला लावतात. एकामागून एक घेतलेल्या छायाचित्रांतून जे स्थिर आहे ते गणिताने वजा केले की उरते ते हललेले, म्हणजे धूळ किंवा ढग. स्पिरिट या रोव्हरने गुसेव्ह विवरात वावटळींच्या पहिल्याच हंगामात अशा पाचशेहून अधिक वावटळी टिपल्या. अडचण अशी की मंगळावरून पृथ्वीवर संदेश पाठविण्याची सोय मर्यादित असते आणि बहुसंख्य चित्रांत काहीच नसते. म्हणून २००६ मध्ये स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरना नवी आज्ञावली पाठवून ही निवड त्यांनाच शिकविण्यात आली. चित्रे रोव्हरनेच ताडून पाहावयाची आणि काही हलले असेल तेवढीच पाठवावयाची. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक दप्तर मुख्यालयी न आणता शंकास्पद तेवढेच आणावे, तसा हा प्रकार.

आकाशातून पाहणाऱ्या यानांनीही याच तत्त्वाचा उपयोग केला. काही कॅमेरे वेगवेगळ्या रंगांतील प्रतिमा काही सेकंदांच्या अंतराने घेतात. जमीन सर्व प्रतिमांत जागेवर असते, पण सरकणारी वावटळ प्रत्येक रंगात थोडी पुढे दिसते. छायाचित्रातील हा दोष म्हणजेच वेगाचे माप! युरोपीय यानांच्या जुन्या चित्रांतून अशा १,०३९ वावटळी शोधून काढून त्यांची सूची २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. काही ठिकाणी वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर इतका आढळला.

खुणा नेहमी एकमेकींना दुजोरा देतातच असे नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरलेल्या इनसाइट या एका जागी स्थिर राहणाऱ्या यानाच्या दाबमापकाने हवेचा दाब क्षणभर घसरल्याच्या हजारो नोंदी केल्या. दाब असा घसरतो तो भोवरा अंगावरून गेल्यामुळेच. तरीही त्याच्या कॅमेऱ्यात एकही वावटळ आली नाही. भोवरे होते, पण ते धूळ उचलीत नव्हते. मंगळावर धूळ नेमकी केव्हा उठते, हा प्रश्न किती अवघड आहे ते यावरून ध्यानात यावे.

सौर पट्टीवरील धूळ

आपल्या जिल्ह्यांत आता शेतोशेती सौर कृषिपंप दिसू लागले आहेत. पट्टीवर धूळ बसली की पाण्याची धार बारीक होते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. सकाळी ओले फडके फिरविले की काम भागते. मंगळावर फडके फिरविणारे कोणी नाही. पट्टी पुसणारा ब्रश बसवावा तर त्याचे वजन वाढते आणि बिघडावयास आणखी एक यंत्र तयार होते, म्हणून ते टाळले जाते.

स्पिरिट ४ जानेवारी २००४ रोजी आणि ऑपॉर्च्युनिटी २५ जानेवारी २००४ रोजी उतरले. दोघांचेही आयुष्य ९० मंगळदिवसांचे धरले होते. त्यानंतर धूळ त्यांच्या सौर पट्ट्या झाकून टाकील अशी अपेक्षा होती. स्पिरिटची वीज खरोखरच घटत गेली. मार्च २००५ मध्ये मात्र एका रात्रीत पट्ट्यांची क्षमता सुमारे ६० टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर चढली. त्याच सुमारास त्याच्या कॅमेऱ्यात वावटळी दिसू लागल्या होत्या. जो वारा धूळ आणतो त्यानेच येऊन झाडलोट केली होती. अशी झाडलोट पुढेही अधूनमधून होत राहिली आणि नव्वद दिवसांचे यंत्र मार्च २०१० पर्यंत बोलत राहिले.

इनसाइटच्या नशिबी असा वारा नव्हता. उतरल्यानंतर त्याच्या पट्ट्या एका मंगळदिवसात सुमारे ५,००० वॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरच्या हिशेबाने पाच युनिट वीज देत. मे २०२२ पर्यंत ती अर्ध्या युनिटावर आली. मधल्या काळात, मे २०२१ मध्ये, अभियंत्यांनी एक उलटी वाटणारी युक्ती केली. यानाच्या यांत्रिक हाताने वाळू उचलून पट्टीच्या शेजारी, वाऱ्याच्या झोतात, हळूहळू सोडली. खळ्यावर शेतकरी टोपली उंच धरून धान्य उफणतो तशीच ही उफणणी! वाळूचे जड कण वाऱ्याबरोबर पट्टीवरून उड्या मारीत गेले आणि चिकटलेली धूळ घेऊन गेले. दिवसाला सुमारे ३० वॅट-तासांची भर पडली. धूळ घालविण्यासाठी वाळू टाकण्याची ही कल्पना बॅग्नॉल्डला नक्कीच आवडली असती. यानास त्यामुळे थोडा अवधी मिळाला; अखेर डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे कार्य संपल्याचे जाहीर झाले. चीनचा झुरोंग हा रोव्हर मे २०२२ मध्ये हिवाळ्यासाठी निजविण्यात आला होता, तो पुन्हा उठलाच नाही. त्याच्या पट्ट्यांवर बसलेली धूळ हेच त्याचे कारण मानले जाते.

वावटळीपेक्षा भयंकर असते ते धूलिवादळ. मंगळाची कक्षा बरीच लांबट असल्याने तो सूर्याच्या जवळ असताना त्यास दूर असतानापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक ऊन मिळते. त्या काळात दक्षिण गोलार्धात वसंत-ग्रीष्म असतो आणि वादळे उठतात. बहुतेक विरून जातात. काही वर्षांच्या अंतराने, कोणताही ठरावीक क्रम न पाळता, एखादे सारा ग्रह व्यापते. मरिनर-९ हे यान १४ नोव्हेंबर १९७१ रोजी मंगळाच्या कक्षेत गेले तेव्हा खाली धुळीखेरीज काही दिसेना. उंच ज्वालामुखींची टोके तेवढी काळ्या ठिपक्यांसारखी वर आलेली. त्यास काही आठवडे थांबण्याची आज्ञा देता आली. त्याच सुमारास पोहोचलेल्या सोव्हिएत यानांना आपला कार्यक्रम बदलता येत नव्हता. त्यांपैकी मार्स-३ चा अवतरक २ डिसेंबर रोजी त्या वादळातच अलगद उतरला आणि दोन मिनिटांच्या आत मुका झाला.

भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी कक्षेत शिरले आणि चारच दिवसांनी त्याच्या रंगीत कॅमेऱ्याने सुमारे ७४,५०० किलोमीटर उंचीवरून जे चित्र घेतले त्यात उत्तर गोलार्धातील एक धूलिवादळ स्पष्ट दिसत होते. सहा महिन्यांसाठी गेलेले ते यान २०२२ पर्यंत संपर्कात होते.

आकाशात धूळ किती, हे रोव्हर सूर्याचे छायाचित्र घेऊन मोजतो. आपल्या वेधशाळेतील निरीक्षक ठाऊक अंतरावरच्या टेकड्या, मनोरे दिसतात की नाही यावरून दृश्यमानता लिहितो. क्युरिऑसिटीही सभोवतालच्या विवराचा काठ किती स्पष्ट दिसतो ते पाहतो. धुळीचे प्रमाण एका अंकाने सांगतात. एरवी तो अंक एकाच्या आत-बाहेर असतो. १० जून २०१८ रोजी ऑपॉर्च्युनिटीने कळविलेला अंक १०.८ होता. याचा अर्थ सरळ येणाऱ्या उन्हाचा पन्नास हजारांतील जेमतेम एक भाग खाली पोहोचत होता. त्या दिवशी त्याच्यापाशी सुमारे २२ वॅट-तास वीज होती, म्हणजे साठ वॅटचा दिवा बावीस मिनिटे जळेल इतकी. त्यानंतर त्याचा संदेश आला नाही. वादळ ओसरल्यावर वाऱ्याचा हंगाम येतो, तो पट्ट्या झाडून काढील या आशेने महिनोन्महिने हाका मारण्यात आल्या. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचे घोषित झाले. तोवर या रोव्हरने ४५ किलोमीटरहून अधिक वाट चालून झाली होती.

कानांनी ऐकलेली वावटळ

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स हे किरणोत्सारी इंधनाच्या उष्णतेपासून वीज मिळवितात, त्यामुळे धुळीचे भय त्यांना कमी. २०१८ च्या वादळात क्युरिऑसिटी काम करीत राहिला. साहजिकच पहारा आता त्यांच्याकडे आला आहे.

पर्सिव्हिअरन्सवर ध्वनिग्राहकही आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी तो चालू असताना सुमारे २५ मीटर रुंद आणि ११८ मीटर उंच वावटळ नेमकी रोव्हरवरूनच गेली. ध्वनिमुद्रणात प्रथम वाऱ्याचा घोंघाट येतो, मग मध्यावर क्षणभर शांतता पडते, मग पुन्हा घोंघाट. त्यात बारीक टकटक मिसळलेली आहे. ती रोव्हरवर आदळणाऱ्या कणांची. दाबमापक, कॅमेरा आणि ध्वनिग्राहक या तिघांनीही एकच वावटळ नोंदविल्याने तिच्यात धूळ किती होती हे पहिल्यांदाच कणांच्या आघातांवरून काढता आले. याच ध्वनिमुद्रणांतून, घासणाऱ्या कणांमुळे वावटळीत लहान विद्युत ठिणग्या पडतात असेही २०२५ मध्ये दाखवून देण्यात आले. जेझेरोमध्ये सरासरीने दिवसाला किमान चार भोवरे रोव्हरवरून जातात आणि दुपार कलताच त्यांची गर्दी होते.

शिक्षकांना वर्गात दाखविण्याजोगे एक चित्र २५ जानेवारी २०२५ चे आहे. जेझेरोच्या काठावर, रोव्हरपासून सुमारे एक किलोमीटरवर, ६५ मीटर रुंदीची एक वावटळ सरकत येते. तिच्या मागोमाग पाचेक मीटरची एक चिमुकली वावटळ धावते आहे. चित्रे पुढे सरकतात तशी धाकटी थोरलीला गाठते आणि तिच्यातच दिसेनाशी होते. मागे, दूरवर, आणखी दोन उभ्या आहेत.